४५ वॅटची कमाई

डोंबिवलीतल्या वन-बीएचकेत उन्हाळाभर पंख्याला उसंत नसते. खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि पंखा तो वाळवतो. हवा मात्र तो कणभरही थंड करत नाही. उलट, त्याने ओढलेली वीज अखेर उष्णता होऊन खोलीतच राहते! म्हणून ती किती ओढतो, याला दुहेरी महत्त्व.

साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रशलेस डीसी) मोटरचा पंखा जवळपास तेवढ्याच वाऱ्यासाठी ३०. मधले ४५ वॅट जातात कुठे? बराच वेळ चाललेला जुना पंखा बंद करून मोटरच्या कवचाला हात लावून पाहा. तिथे लागणारी ऊब तुमच्याच बिलातली आहे. जुन्या मोटरच्या फिरत्या भागाला स्वतःचं चुंबकत्व नसतं. ते निर्माण करण्यातच वीज खर्ची पडते. बीएलडीसीत कायमची चुंबकं बसवलेली असतात, आणि कोणत्या वेटोळ्यात केव्हा वीज सोडायची हे छोटं सर्किट ठरवतं.

हा पंखा घराघरांत नेण्यात मोठा वाटा असलेली अ‍ॅटमबर्ग कंपनी आयआयटी मुंबईच्या मनोज मीणा आणि सिबब्रत दास यांनी २०१२ मध्ये स्थापन केली, आणि ती वाढली ठाणे जिल्ह्यातच, नवी मुंबईत.

आता खरी गंमत हिशेबाची. तीन पंखे, रोज १५ तास: महिन्याला सुमारे ६० युनिट वाचतात. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातो. महिन्याला ३३० युनिट वापरणारं घर २७० वर येतं, म्हणजे आधी सुटतात ती सर्वांत महागडी ३० युनिटं. बचत नेहमी बिलाच्या वरच्या टोकाकडून सुरू होते!

मग सगळे पंखे का बदलत नाहीत? कल्याण-डोंबिवलीत भाड्याची घरं पुष्कळ. पंखा घरमालकाचा, बिल भाडेकरूचं. खर्च एकाने करायचा आणि फायदा दुसऱ्याचा, म्हणून जुनाच पंखा फिरत राहतो.

यावर उपाय सोपा आहे. भाडेकरूंनी मालकाला विचारून जुना पंखा माळ्यावर ठेवावा, आपला लावावा आणि घर सोडताना काढून न्यावा. सुरुवात जास्तीत जास्त तास चालणाऱ्या पंख्यापासून करा. पैसे सर्वांत लवकर तोच फेडतो.