गाठ आटली, पण आयुष्य वाढले का?

पावसाळ्यात अंजनगाव सुर्जीजवळच्या एका पानमळ्यावर गेलो होतो. वेलीवरचा रोग दाखवायचे सोडून घरच्या कर्त्या माणसाने दवाखान्याचा कागद पुढे धरला. वडिलांना तोंडाचा कर्करोग. "साहेब, हे इंजेक्शन घेतलं तं गाठ कमी होते म्हन्तात. दोन एकर संत्र्याचा बगिचा इकू काय?"

मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण पुरावा कसा पारखावा हे शेतीने मला शिकवले आहे. त्याला जे सांगितले तेच येथे लिहितो.

पऱ्हाटीवर टॉनिक फवारले की आठ दिवसांत रान काळेभोर दिसते. विकणारा म्हणतो, "पहा गुण!" पण पऱ्हाटी नुसतीच माजली आणि बोंडे धरली नाहीत तर? हिरवेपणा ही मधली खूण. खरा हिशेब वेचणीनंतर काट्यावर. म्हणून प्रात्यक्षिकात आम्ही शेजारी एक पट्टा बिनफवारणीचा ठेवतो.

कर्करोगाच्या औषधाचेही तसेच आहे. गाठ किती आटली, किती महिने वाढली नाही, या मधल्या खुणा. माणूस किती जगला आणि कसा जगला, हा खरा काटा. मधली खूण लवकर दिसते आणि दुसरा उपाय नसलेल्या रोग्याला थांबायला वेळ नसतो. म्हणून कधी कधी तेवढ्यावरच औषधाला परवानगी मिळते.

ही खूण कधी खरी ठरते. रक्ताच्या एका कर्करोगावरील इमॅटिनिब या गोळीला अमेरिकेत २००१ साली रक्तातील सुधारणा पाहून मान्यता मिळाली. पुढे रोगी खरोखरच वर्षानुवर्षे जगले.

कधी ती फसवते. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी बेव्हॅसिझुमॅबला अमेरिकेने २००८ साली तातडीची परवानगी दिली. पहिल्या चाचणीत गाठ न वाढण्याचा काळ जवळजवळ दुप्पट झाला होता. पण आयुष्य वाढल्याचे पुढच्या चाचण्यांतही दिसले नाही. रक्तदाब, रक्तस्राव असे त्रास मात्र होते. नोव्हेंबर २०११ मध्ये त्या रोगापुरती परवानगी काढून घेतली. इतर काही कर्करोगांत ते औषध वापरले जाते.

आता आपल्या मुंबईचे उदाहरण घ्या. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या पुढे गेलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एका गटाला स्वस्तातल्या गोळ्या. दुसऱ्याला त्याच गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब, फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी! काटा एकच ठेवला, वर्षाअखेर किती जिवंत? पहिल्या गटात शंभरात सुमारे १६, दुसऱ्यात ४३. हा निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाला. यात पूर्ण मात्रेशी तुलना नव्हती, आणि रोग समूळ बरा होतो असेही नाही, हे ध्यानात ठेवावे. पण येथे वजन हिरवेपणाचे नव्हे, कापसाचे केले होते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, महागड्या औषधासाठी शेत विकण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा :

१) याने गाठ कमी होते की आयुष्य वाढते? किती महिने?
२) तुलना कोणत्या उपचाराशी केली?
३) आमच्या माणसाच्या याच रोगात, याच अवस्थेत ते तपासले आहे का?
४) त्रास काय होतील? कमी खर्चाचा, पारखलेला दुसरा उपाय आहे का?

चांगला डॉक्टर असे विचारल्याने रागावत नाही. मात्र चालू उपचार आपल्या मनाने बंद करू नका.

त्या गृहस्थाने हे चार प्रश्न बियाण्याच्या पावतीमागे लिहून घेतले. "बगिच्याचं मंग पाहू, आधी इचारतो," म्हणाला. जाताना त्याच्या धाकट्या भावाच्या हातात खर्ऱ्याची पुडी दिसली. तोंडातला चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर लगेच दाखव, आणि ही पुडी आजच टाक, एवढे त्याला बजावून मी गाडीला किक मारली.