टाकून द्यायच्या भ्रूणांपासून

वंध्यत्व-उपचारात तिसऱ्या प्रतीचा ठरलेला भ्रूण सहसा गर्भाशयात सोडत नाहीत. अशाच, दांपत्यांनी दान केलेल्या भ्रूणांपासून डॉ. मनीषा इनामदार यांच्या चमूने बेंगळुरूत जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात मूलपेशींचे (स्टेम सेल) दोन वंश वाढवले. दोन्ही सख्ख्या भावंडांचे. २००९ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध झाली आणि पुढे ते ब्रिटनच्या स्टेम सेल बँकेतही ठेवले गेले. मूलपेशींपासून प्रयोगशाळेत हृदयपेशी घडवण्याच्या गेल्या दोन दशकांकडे पाहताना माझी नजर आधी या भ्रूणांवरच जाते.

सुरुवात त्याही आधीची. ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकी सरकारने मान्य केलेल्या पेशीवंशांच्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे सात आणि बेंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन केंद्राचे तीन वंश होते. त्याच वर्षी इस्राएलमध्ये हैफाला मानवी मूलपेशींपासून धडधडणारे हृदयस्नायू मिळाले. पेशींचे गोळे द्रवात तरंगत ठेवायचे आणि वाट पाहायची. शंभरातल्या आठेक गोळ्यांतच ठोके दिसत. जक्कूरमध्ये तेव्हा उंदराच्या मूलपेशींवर काम चालू होते. २००३ मध्ये तिथे सापडलेल्या एका जनुकाला ‘असृज’ नाव दिले गेले. संस्कृतात असृज म्हणजे रक्त. हे नाव मला फार आवडते.

हृदयपेशी वाढवण्याची रीत सुधारली ती २०१२ च्या सुमारास. ‘विंट’ हा पेशींमधला संदेश आधी चेतवायचा, दोन-तीन दिवसांनी दाबायचा. दहाएक दिवसांत पेट्री डिशमधला पेशींचा थर एका लयीत आकुंचन पावू लागतो. पण या पेशी कोवळ्या असतात, गर्भातल्या हृदयासारख्या. २०१४ मध्ये सिॲटलच्या संशोधकांनी त्या माकडांच्या हृदयात सोडल्या. त्या तिथे रुजल्या, पण ठोक्यांची लय बिघडली. म्हणून ‘स्टेम सेल’च्या इंजेक्शनाने हृदय बरे करून देण्याच्या जाहिराती वाचल्या की राग येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या नियमावलीत रक्ताच्या काही आजारांसारखे मोजके अपवाद वगळता चाचणीबाहेर अशा उपचाराला परवानगी नाही.

या पेशींचा खरा उपयोग आज आजार समजून घेण्यात आहे, आणि तिथे हे काम आपल्या घरापर्यंत येते. २००९ मध्येच पेरुंदुराई धंडपाणी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हृदयस्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकात डीएनएची २५ अक्षरे गाळली गेलेली माणसे भारतात शेकडा चार आहेत, आणि त्यांना हृदय निकामी होण्याचा धोका जास्त. धंडपाणी पुढे बेंगळुरूच्याच इन्स्टेम या मूलपेशी-संशोधन संस्थेत आले. इनामदारही नंतर तिथे संचालक झाल्या. पुढच्या अभ्यासांत दिसले की धोका सगळ्यांना सारखा नसतो. एकाच घरात एकाचे हृदय खचते, दुसरा म्हातारपणी शेत नांगरतो. जिवंत माणसाच्या हृदयाचा तुकडा काढून हे पाहता येत नाही. पण जपानी संशोधक शिन्या यामानाका यांनी २००७ मध्ये मानवी त्वचेच्या पेशींपासून मूलपेशी करून दाखवल्या. आता थोडेसे रक्त घेऊनही अशा दोघांच्या हृदयपेशी शेजारी-शेजारी वाढवता येतात.