उन्हाळा आणि पाळीव ससा

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात मुलांच्या हौसेखातर पुष्कळ घरी ससे पाळतात. हिवाळ्यात आणलेली जोडी मे महिन्यातील एखाद्या दुपारी निपचित पडते आणि 'दृष्ट लागली' म्हणून घरची माणसे हळहळतात. बहुधा तो उष्माघात असतो, व थोड्या माहितीने तो टाळता येतो.

घरचा ससा म्हणजे आपल्या शेतातला ससा नव्हे. शेतातला उघड्या रानात, गवताच्या आडोशाला राहणारा. त्याला पकडून आणण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मनाई आहे. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे. ते जमिनीत बिळे करून राहत आणि ऊन तापले की आत शिरत. पिंजऱ्यातील सशाला बीळ नाही. त्या बिळाचा गारवा आपणच त्याला दिला पाहिजे.

सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः लांब कानांवाटे बाहेर टाकतो. परंतु बाहेरची हवा अंगापेक्षा थंड असेल तरच हे साधते. सशाच्या अंगाची उष्णता सुमारे ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते. नवतपात आपल्याकडे पारा याच्याही वर जातो. मग कान निरुपयोगी ठरतात आणि पंख्याचा गरम वारा उलट अपाय करतो. त्रास तर तीस अंशांच्या आसपासच सुरू होतो.

म्हणून पिंजरा टिनाच्या छपराखाली किंवा गच्चीवर कदापि ठेवू नये. सर्वांत गार खोलीत, फरशीवर ठेवावा. सकाळची सावली दुपारी टिकत नाही, हेही पाहावे. खिडकीला ओले गोणपाट वा वाळ्याची ताटी लावावी. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने सुकते व गारवा येतो. पाऊस लागून हवा दमट झाली की या उपायाचा व कूलरचाही गुण कमी होतो. तेव्हा हवा खेळती ठेवावी. गोठवलेल्या पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवल्यास ससा तिला टेकून बसतो.

पाण्याची जड मातीची भांडी दोन असावीत; एक कलंडले तर दुसरे उरते. चारा सकाळ-संध्याकाळ, गारव्याच्या वेळी घालावा. घाण रोज काढावी. मळलेल्या, ओल्या केसांत माश्या अंडी घालतात व त्यांच्या अळ्या जिवंत सशाला पोखरतात. रात्री कुत्र्या-मांजरांपासून जपण्यास जाळी व कडी पक्की हवी.

ससा दुखणे सहसा ओरडून सांगत नाही. कान तापणे, धाप, उघडे तोंड, लाळ, झोकांड्या ही त्याची भाषा. असे दिसताच त्याला सावलीत न्यावे व कान साध्या गार पाण्याने भिजवावेत. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. कातडीजवळच्या शिरा आकसून उष्णता आतच कोंडते. तोंडात पाणी ओतू नये. थोडा सावरला तरी विनाविलंब गुरांच्या दवाखान्यात न्यावे.

उन्हाळ्यात आपण वाटसरूंसाठी पाणपोई घालतो. वाटसरू तहान सांगू शकतो, सावलीकडे चालतही जातो. पिंजऱ्यातील जिवाला हे शक्य नाही. पिंजऱ्याचे दार आपण लावले, तेव्हा सावली आणि पाणी यांचीही जबाबदारी आपलीच. सुटीत घरी असलेल्या मुलांनी दर दुपारी बारा व तीन वाजता सशाकडे पाहून यावे, एवढे काम त्यांच्याकडे अवश्य सोपवावे.