घोंगडीची सुरुवात मेंढीपासून

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वसईच्या हद्दीत चिंचोटीचा नाका लागतो. तिथून कामणमार्गे निघालेला रस्ता थेट भिवंडीत, यंत्रमागांच्या गावात पोचतो. त्या मागांना सूत कुठून आले याच्याशी काही देणेघेणे नसते. कापूस असो वा पॉलिएस्टर, धागा एकसारखा असला की झाले. त्यांची सारी ताकद त्यातच आहे. घाटावरची घोंगडी मात्र नेमक्या उलट्या तत्त्वावर उभी आहे. तिला एकच लोकर चालते, दख्खनच्या कोरड्या माळावर चरणाऱ्या दख्खनी मेंढीची. घोंगडीचे सौंदर्य विणकराच्या मागावर येण्याआधीच अर्धेअधिक ठरलेले असते. म्हणून या कलेचे संवर्धन करायचे तर विणकराचा सत्कार करून आणि प्रशिक्षण वर्ग भरवून भागणार नाही. आधी ती मेंढी कळपात टिकली पाहिजे.

घोंगडी नीट पाहायची तर उजेडात धरून पाहावी. लांबून ती नुसती काळी दिसते. जवळ घेतली की त्या काळ्यात करडे, तपकिरी, क्वचित पांढरे केस दिसू लागतात, आणि उन्हाने टोके भुरी पडलेले केसही. हा रंग कुठल्याही रंगाऱ्याने दिलेला नाही. वर्षातून दोनदा मेंढ्यांची कातरणी होते. एका मेंढीची वर्षाची लोकर किलोभरही भरत नाही, तेव्हा एका घोंगडीत अनेक मेंढ्या असतात आणि त्यांचे वेगवेगळे काळेपणही. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर सर्वांत मऊ आणि गडद. तिच्या घोंगडीला जावळाची घोंगडी म्हणतात आणि तिचा मान वेगळा. लोकर पिंजून सूत काततात बहुधा घरातल्या बायका. हातच्या सुतात जाड-बारीकपणा राहतोच. मग उघड्यावर ताणा ताणतात, चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून खळ करतात आणि ती कुंच्याने ताण्यावर फिरवतात. या राठ लोकरीचे केस सगळीकडून उभे राहतात, एकमेकांत गुंततात. खळ त्यांना बसवते, म्हणून धागा मागावर तुटत नाही. विणकर खड्डामागावर बसतो, पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर, हातात धोटा. वीण साधी, एक वर एक खाली. काठाला फार तर पांढऱ्या रेघा, टोकांना दशा. नवी घोंगडी खळीमुळे ताठ असते आणि वापरता वापरता अंगाला बसते. सांगर आणि खुटेकर धनगर समाजाच्या घरांत ही विद्या पिढ्यान् पिढ्या चालत आली.

आता पैठणीशी तुलना करून पाहावी. पैठणीच्या पदरावरचा मोर किंवा आसावलीचा वेल बाण्याच्या वेगवेगळ्या रंगांचे धागे एकमेकांत अडकवून उभा करतात, म्हणून अस्सल पैठणीची उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसते. अमेरिकेच्या नैर्ऋत्येतले नवाहो लोक, जे स्वतःला दिने म्हणवतात, तेही उभ्या मागावर पुष्कळदा हेच तंत्र वापरून लोकरीचे गालिचे विणतात. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ते योग्यच झाले. पण येवल्याच्या मागावरचे रेशीम बाहेरून येते, जर सुरतेची असते. पैठणी ही हाताची विद्या आहे. हात राहिला तर ती राहते. घोंगडीत हाताची करामत तुलनेने थोडी, आणि माळरान, कळप, पाऊस यांचा वाटा मोठा. म्हणून पैठणी जगवण्याचे उपाय घोंगडीला जसेच्या तसे लावले तर फसतात.

दिने लोकांचा इतिहास इथे कामाला येतो. त्यांच्या विणकामामागे चुरो नावाची मेंढी होती. लांब, कमी तेलकट, चमकदार लोकरीची. 1863-64 च्या मोहिमेत अमेरिकन लष्कराने त्यांचे कळप मारले आणि त्यांना पायी हाकलत बोस्के रेदोंदोच्या छावणीत नेले. 1868 च्या तहानंतर ते परतले, कळप पुन्हा वाढले. 1930 च्या दशकात सरकारने माळरानाची धूप थांबवण्याच्या नावाखाली त्यांच्या मेंढ्या सक्तीने कमी केल्या. शिवाय सुधारणा म्हणून राम्बुलेसारख्या परदेशी जाती आणल्या. त्यांची आखूड, कुरळी, तेलकट लोकर हाताने धड धुता येईना की कातता येईना. चुरो नामशेष व्हायच्या बेतात असताना 1977 मध्ये लाइल मॅक्नील (पुढे युटा राज्य विद्यापीठातले प्राध्यापक) यांनी उरलेल्या मेंढ्या शोधून पैदास सुरू केली आणि दिने कुटुंबांना त्या परत दिल्या. पारितोषिके आणि प्रदर्शने यांच्या आधी तिथे कोणीतरी गोठ्याकडे पाहिले, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडेही दख्खनी मेंढीचा मेरिनो, राम्बुले यांच्याशी संकर करण्याचे प्रयोग झाले. लोकर मऊ व्हावी हा हेतू होता. घोंगडीला राठच लोकर लागते, हा विचार त्यात नव्हता.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. आजच्या दिने विणकरांपैकी मेलिसा कोडी गिरणीत रंगवलेले भडक धागे वापरतात. 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएसवनमध्ये त्यांचे प्रदर्शन झाले आणि त्यांचे काम निर्विवाद देखणे आहे. म्हणजे मेंढीवाचूनही विणकाम जगते की! जगते, पण त्याचे कारण नक्षी आहे. एकोणिसाव्या शतकापासूनच दिने विणकर पेनसिल्व्हेनियाच्या गिरण्यांचे जर्मनटाउन सूत वापरत आले. त्यांचे चौकटी-पायऱ्यांचे आकार कोणत्याही धाग्यात उतरवता येतात. घोंगडीला नक्षी नाहीच. तिच्यातून लोकर काढून ॲक्रिलिक घातले तर मागे काय उरते? काळा चौकोन. तिची जात टू ग्रे हिल्स भागातल्या गालिच्यांशी जास्त जुळते. तिथे काळी, तपकिरी, पांढरी लोकर बहुतेक न रंगवता, एकमेकींत मिसळून विणतात. ते गालिचे संग्रहालयांत मानाने टांगले जातात, आणि त्याच नैसर्गिक रंगांची आपली घोंगडी आपण बैठकीला अंथरून विसरतो.

दुसरा आक्षेप असा, की घोंगडी टोचते. टोचते खरी. पण तोच राठपणा मेंढपाळाच्या कामाचा आहे. पावसाचे पाणी वरच्या केसांवरून ओघळते आणि भिजली तरी लोकर ऊब सोडत नाही. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि बिरदेव जोडीने नांदतात, आणि त्या परंपरेत देवाची बैठक आजही घोंगडीवरच मांडली जाते. अंगाला मऊ लागावे म्हणून ती कधी घडवलीच नव्हती. पानिपतची स्वस्त ब्लँकेटे थंडीपुरती तिची जागा घेतील, भर पावसात रानात उभे राहणाऱ्याला पुरी पडणार नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी अंगाने मोठी, मटणाला भाव देणारी आणि लोकरीला जवळजवळ निकामी. मेंढपाळ तिच्याकडे वळला तर त्याला आपल्या सौंदर्यदृष्टीसाठी गरिबीत राहा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? सांगू नयेच. आज कातरणीची मजुरीही लोकरीच्या विक्रीतून सुटत नाही, आणि अनेक ठिकाणी कातरलेली लोकर रानातच टाकली जाते. अशा हिशेबात दख्खनी मेंढी हरणारच. हिशेब बदलायचा तर लोकरीला कातरणीच्या खर्चावर उरेल असा भाव मिळाला पाहिजे, आणि तो नुसत्या घोंगडीतून येणार नाही. राठ लोकरीचे गालिचे, नमदे, भिंतींना लावायचे उष्णतारोधक थर असे मोठे गिऱ्हाईक शोधावे लागेल. दख्खनी मेंढी लांबची पायपीट आणि दुष्काळ सोसते, हा तिचा गुण पैदाशीच्या सरकारी योजनांत मांसाच्या वजनाबरोबर मोजला गेला पाहिजे. सुरेश एरियट यांच्या ‘देसी ऊन’ या ॲनिमेशनपटाला 2025 मध्ये फ्रान्सच्या ॲनसी महोत्सवात पारितोषिक मिळाले, तेव्हा या लोकरीची गोष्ट जगभर गेली. पुढच्या कातरणीला व्यापारी वाड्यावर येऊन रोख भावाने लोकर उचलतो का, यावर मेंढपाळ कळपात कोणता नर ठेवायचा हे ठरवील.