लाजेने आजार बरा होत नाही : गुप्तरोगाची तपासणी आणि उपचार

आपल्या भागातली जुनी माणसे 'गरमी' आणि 'परमा' हे शब्द वापरतात. गरमी म्हणजे उपदंश किंवा सिफिलिस, आणि परमा म्हणजे गोनोरिया. आजार जुनेच आहेत, पण आज या दोन्हींवर खात्रीचे औषध आहे आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तरीही राजूरसारख्या गावात माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. तिथली नर्सबाई ओळखीची असते आणि केसपेपर लिहिणारा आपल्याच गल्लीतला असतो. मग भिंतीवरची जाहिरात वाचून तो 'हमखास इलाज' करणाऱ्या वैदूकडे जातो, हजारो रुपये घालवतो आणि आजार घरी घेऊन येतो.

बाबासाहेब आणि 'समाजस्वास्थ्य'चा खटला

या विषयावर बोलणे आपल्या परंपरेला नवे नाही. र. धों. कर्वे यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. वाचक त्यात लैंगिक प्रश्न विचारत आणि कर्वे शास्त्रीय उत्तरे देत. या उत्तरांवरून 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. लोकांच्या मनात अज्ञान असेल तर ते ज्ञानानेच जाईल, प्रश्न दाबून जाणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला. पण या प्रश्नावर बाबासाहेब कोणत्या बाजूला उभे राहिले, हे आपण विसरू नये.

आजार ओळखावा कसा?

परम्यात पुरुषाला साधारण 2 ते 7 दिवसांत लघवीला जळजळ होते आणि पू येतो. स्त्रीला मात्र बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. आजार आतल्या आत गर्भनलिकांपर्यंत पोचतो आणि पुढे मूल राहण्यात अडचण येते. मूल होत नाही म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावे. तपासणी नवरा-बायको दोघांचीही झाली पाहिजे.

उपदंश जास्त फसवा आहे. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी जननेंद्रियावर एक न दुखणारी जखम होते. औषध न घेताही ती काही आठवड्यांत भरते, आणि वैदूच्या पुडीला यश येते. जंतू मात्र रक्तात राहतो. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ येते, तेही जाते. कित्येक वर्षांनी हृदय आणि मेंदूवर परिणाम दिसतो. गरोदर बाईला उपदंश असेल तर मूल पोटात दगावू शकते किंवा आजार घेऊन जन्मते. वेळेवर दिलेल्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनने हे टळते. म्हणून गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत एचआयव्ही आणि सिफिलिस या दोन्ही चाचण्या करून घ्याव्यात.

अंगावरून पांढरे जाणे हे दर वेळी गुप्तरोगाचे लक्षण नसते. पण वास, खाज किंवा ओटीपोटात दुखणे असेल तर दाखवावे. तरुण मुलांना 'धात जाते' म्हणून घाबरवणारे पुष्कळ भेटतात. झोपेत वीर्य जाणे हा आजार नाही, त्याला औषध लागत नाही.

जायचे कुठे?

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून करता येते. ओळखीची अडचण वाटत असेल तर भोकरदनचे ग्रामीण रुग्णालय किंवा जालन्याचे जिल्हा रुग्णालय आहे. जिल्हा पातळीवर या आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' चालते आणि तिथे समुपदेशक असतात. एचआयव्हीच्या तपासणीसाठी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारापर्यंत पैसे लागत नाहीत. आधी नुसते विचारायचे असेल तर 1097 हा एड्स हेल्पलाइनचा क्रमांक विनामूल्य आहे, तिथे नाव सांगावे लागत नाही.

बऱ्याचदा रिपोर्टची वाट न पाहता लक्षणांवरून त्याच दिवशी औषध देतात. त्यासाठी वेगवेगळ्या रंगांची सात औषध-पाकिटे ठरलेली आहेत. औषध पूर्ण घ्यावे, जोडीदाराचाही उपचार करावा आणि डॉक्टर सांगेपर्यंत संबंध टाळावा. एकट्याने औषध घेतले तर आजार जोडीदाराकडून परत येतो.

एचआयव्हीच्या चाचणीत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लागण झाल्यावर लगेच चाचणीत दिसत नाही. पहिली निगेटिव्ह आली तरी संबंधाला तीन महिने झाल्यावर पुन्हा करावी. पॉझिटिव्ह आली तर एआरटीची औषधे मोफत मिळतात. ती नियमित घेणारा माणूस कामधंदा करत दीर्घकाळ जगतो.

गुपित राहते का?

रुग्णाची माहिती बाहेर न सांगणे हे प्रत्येक डॉक्टरवर बंधनकारक आहे. एचआयव्हीसाठी तर 2017 चा स्वतंत्र कायदा असून तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार तुम्हाला समजावून, संमती घेऊनच चाचणी करता येते. निकाल सासू-सासऱ्यांना, मालकाला किंवा सरपंचाला सांगता येत नाही. आजारावरून नोकरीतून, शाळेतून वा दवाखान्यातून काढणे हा भेदभाव कायद्याने मना आहे. जोडीदाराला खरोखर धोका असेल तर आधी रुग्णाला समजावून आणि तसे कळवून डॉक्टर जोडीदाराला सांगू शकतात. रुग्ण 18 वर्षांखालील असेल तर मात्र डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते, हेही माहीत असावे.

शील आणि आजार

काहीजण म्हणतील, तिसरे शील पाळले असते तर ही वेळ आली नसती. पण ज्या बायकोने शील तंतोतंत पाळले, तिलाही नवऱ्याकडून आजार होतो. ऊसतोडीला किंवा शहरात कामाला गेलेला माणूस परत आल्यावर तिला विचारायची सोय नसते. शिवाय दोष कोणाचाही असला तरी औषध सर्वांनाच लागते. हगवणीने मळात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले आणि भिक्खूंना एकमेकांची सेवा करायला सांगितले. त्याच्या चुकीची चौकशी आधी केली नाही.

विहारात दर रविवारी माणसे जमतात. महिला मंडळ असते, तरुण मंडळ असते. आशाताईंना किंवा समुपदेशकांना बोलावून महिन्यातून एकदा स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळी बैठक ठेवता येईल. प्रश्न चिठ्ठीवर, नावाशिवाय लिहून घ्यावेत. आणि एखादा जालन्याला जायला निघाला, तर 'कशाला?' असे न विचारता त्याच्यासोबत एस.टी.त बसावे.