सगळं नवं टाकलं, तरी पद्मिनी ओढते कशी?

पद्मिनी या जुन्या मोटारीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. घरी जपलेल्या पद्मिनी मात्र अजून चालतात, आणि त्यांच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते. पुढचे बुश, किंगपिन, स्प्रिंगा, शॉकअप, सगळं नवं टाकलं, वर अलाइनमेंटही केलं, तरी गाडी एका बाजूला ओढतेच. मग पुन्हा अलाइनमेंट, पुन्हा पैसे. या जुन्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांनी या फेऱ्यात अडकू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितो आहे.

पहिला गैरसमज हाच, की गाडी ओढते म्हणजे टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असण्याचं माप, बिघडला. पुढची दोन्ही चाकं टाय रॉडने एकमेकांशी जोडलेली असतात. टो चुकला तर चूक दोन्ही चाकांत वाटली जाते. टायर खातो, गाडी सरळ रस्त्यावर अस्थिर वाटते, पण सहसा ती एकाच बाजूला ओढत नाही. ओढ लागते ती डाव्या-उजव्यातल्या फरकामुळे. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा झुकाव, ज्या बाजूला जास्त बाहेर, तिकडे गाडी जाते. कॅस्टर, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचा मागचा झुकाव, ज्या बाजूला कमी, तिकडेही जाते. पण हे कोन तपासण्याआधी साध्या गोष्टी बघाव्यात. दोन्हीकडची हवा सारखी आहे का? पुढचे टायर आपसांत बदलल्यावर ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरचा. दहा-पंधरा मिनिटं चालवून थांबा आणि चाकाच्या मध्याजवळ हात न्या. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. एका बाजूचा ड्रम जास्त तापला असेल तर तो ब्रेक सुटत नाही, अलाइनमेंटचा तिथे संबंधच नाही. शिवाय पाणी निघून जावं म्हणून आपले रस्ते डाव्या कडेला उतरते असतात, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे सरकणं स्वाभाविक आहे. सपाट जागेवर बघितल्याशिवाय निदान करू नये.

सगळ्यात जास्त फसवतो तो किंगपिन. नवे बुश ठोकल्यावर त्यांना रीमर मारून पिन नेमकी बसवावी लागते. बोटाने फिरेल इतकी सैल, पण हलणार नाही इतकी घट्ट. रीमर नीट लागला नाही तर पिन जाम राहते. मग उजवीकडे वळून आलात की गाडी उजवीकडे ओढते, डावीकडे वळून आलात की डावीकडे. स्टिअरिंग आपणहून परत येत नाही. ओढीची बाजू मागच्या वळणावर ठरत असेल, तर तो कोनाचा नव्हे, घर्षणाचा दोष समजावा. टाय रॉड सोडवून चाक हाताने फिरवून बघा. कुठे अडतं ते हातालाच कळतं. उलट पिन सैल असल्याची शंका असेल तर चाक जॅकवर उचला, वरून-खालून धरून हलवा आणि दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले (ढिलेपणा) गेला तर बेअरिंग सैल, राहिला तर किंगपिन.

शॉकअप बदलला की अलाइनमेंट हवंच, असंही सांगितलं जातं. ही सवय मारुती 800 सारख्या गाड्यांची. तिथे शॉकअप ज्यात असतो तो स्ट्रटच चाक धरून ठेवतो, म्हणून तो काढला की कॅम्बर हलू शकतो. पद्मिनीत पुढे दोन आर्म आणि स्प्रिंग आहे. शॉकअप फक्त उसळी आवरतो, चाकाचा कोन ठरवत नाही. स्प्रिंग किंवा आर्मचे बुश बदलले तर मात्र कोन नक्की तपासावेत. नवी स्प्रिंग सुरुवातीला गाडी थोडी उंच ठेवते. थोडं चालवून ती बसू द्यावी, दोन्हीकडची उंची मोजावी, आणि मगच अलाइनमेंटला न्यावी.

रबरी बुशांचे बोल्ट चाक लोंबकळत असताना आवळले जातात, ही चूक तर मी पुन्हा पुन्हा पाहतो. रबर त्या स्थितीत चिमटलं जातं, गाडी खाली आली की पीळ बसतो, उंची बदलते आणि बुश लवकर फाटतो. बोल्ट हाताने लावावेत, गाडी चाकांवर उभी करून हलवावी, मग आवळावेत.

मागे एकसंध अ‍ॅक्सल आणि पाटे आहेत, तिथे बघायचं काय, असं वाटतं. बघायचं ते सेंटर बोल्टचं डोकं. ते अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलेलं हवं. पाटे बदलताना ते चुकलं, किंवा यू-बोल्ट सैल राहिला, तर अ‍ॅक्सल तिरका बसतो आणि गाडी सरळ चालवायला स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. दोन्ही बाजूंच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर टेपने मोजा, फरक लगेच दिसतो.

वाकडं स्टिअरिंग सरळ करायला काही जण स्टिअरिंगचं चाक काढून दुसऱ्या दातावर बसवतात. तसं करू नये. स्टिअरिंग बॉक्स मध्यभागी सर्वांत कमी प्ले ठेवून बनवलेला असतो. सरळ जाताना तोच भाग वापरात हवा. स्टिअरिंगचं चाक मुळात बॉक्सच्या मध्यावर बसलेलं असेल, तर दोन्ही बाजूंचे टाय रॉड सारखे, पण उलट फिरवून ते सरळ करावं.

अलाइनमेंट मशीनच्या छापील कागदावर सगळं हिरवं आलं तरी मशीन प्ले किंवा जाम पिन पाहत नाही. टो घरीही तपासता येतो. पुढच्या दोन्ही टायरवर एकेक खडूची खूण करा, दोन्ही एकाच उंचीवर. त्या खुणा पुढे असताना अंतर मोजा, गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याइतकी पुढे ढकला, त्याच खुणा मागे आल्या की पुन्हा मोजा. मागचं अंतर जितकं जास्त, तितका टो-इन. एकाच खुणेवरून मोजल्यामुळे रिम वाकडी असली तरी फसत नाही. टो सुधारून टाय रॉडचा लॉकनट आवळल्यावर मात्र एकदा परत मोजा, आवळतानाच रॉड थोडा फिरतो.