तळहाताचा फोड

गेल्या दिवाळीत चकल्या तळताना मी कढईत राहिलेला झारा घाईघाईनं मुठीत धरला. दांडी तापलेली होती. तळहाताच्या मधोमध रुपयाएवढा फोड आला आणि पुढचा आठवडाभर मी मूठ मिटली नाही. बादलीची कडी डाव्या हातात, पोळपाटाशी तर फारकतच. घरातल्या कुणीतरी विचारलं, "जपतेयस ना, तळहाताच्या फोडासारखं?" सगळे हसले. शाळेत या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग मीही केला होता, पण तो फोड कुणाच्या तरी तळहातावर खरोखर असतो, हे तोवर मनात आलं नव्हतं. आला तरी आठ दिवसांत जातो. जात नसेल तर? एक बरा होण्याआधी दुसरा उठत असेल, पाठीवर, टाचेवर, तोंडात, घशात, आणि हे जन्मल्या दिवसापासून चालत असेल तर?

या आजाराचं नाव एपिडर्मोलिसिस बुलोसा. हाइन्रिश कोबनर या जर्मन त्वचारोगतज्ज्ञानं ते १८८६ मध्ये रूढ केलं. डॉक्टर आणि पालक दोघंही नुसतं 'ईबी' म्हणतात.

आजार समजून घ्यायला गोधडी उपयोगी पडते. वर एक लुगडं, खाली एक, आणि दोघांना धरून ठेवणारा धावदोरा. टाके निघाले की पदर सुटे होतात, नुसता हात फिरवला तरी वरचं कापड खालच्यावरून सरकतं. कातडीलाही असेच दोन मुख्य थर असतात आणि 'कोलॅजन सात' नावाचं प्रथिन त्यांच्यात टाक्यांचं काम करतं. ते तयार करणारं जनुकच बिघडलेलं असेल तर होते ती 'डिस्ट्रॉफिक' ईबी. टाके शाबूत, पण वरचं कापडच विरलेलं, म्हणजे तिथलं केराटिन कमकुवत असेल तर 'सिम्प्लेक्स'. हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. त्यातल्या सौम्य रूपात फोड तळहात-तळपायांवर येतात आणि उन्हाळा लागला की वाढतात. दोष थेट शिवणीत असेल तर 'जंक्शनल'. त्यातली तीव्र रूपं बाळाला दुसरा वाढदिवससुद्धा क्वचितच बघू देतात. किंडलर नावाचा चौथा प्रकार फारच विरळा. चारही प्रकार आनुवंशिक आहेत आणि एकही संसर्गजन्य नाही. बसमध्ये शेजारची बाई पदर आवरून लांब सरकते, तिला हे कुणी सांगत नाही.

अमेरिकेतल्या नोंदवहीनुसार दर दहा लाख लोकांमागे ईबीचे सुमारे अकरा रुग्ण आढळतात. तोच हिशेब २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राला, म्हणजे सव्वाअकरा कोटींना लावला, तर आकडा बाराशेच्या आसपास येतो. हा माझा कागदावरचा गुणाकार आहे, कुणी मोजदाद केलेली नाही. डिस्ट्रॉफिकचं तीव्र रूप आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच होतं. दोघंही असे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. मामाच्या मुलीशी लग्न ठरवण्याची रीत आपल्याकडे अजून मोडलेली नाही, आणि नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकच दोष असण्याचा संभव वाढतो.

ईबीच्या बाळाला काखेत हात घालून उचलायचं नसतं. खालच्या मऊ गादीसकट किंवा चादरीसकट उचलायचं. मनगटाला नावाचा पट्टा नको, नाळेला प्लास्टिकचा चिमटा नको. चिकटपट्टी तर नकोच, ती निघताना कातडी घेऊन निघते. आता आपल्याकडची बाळंतिणीची खोली आठवा. तेल लावायला बाई येते, बाळाला पायांवर पालथं घेते, खसखसून रगडते, डाळीच्या पिठानं लव काढते. मग मनगट्या, पायांत वाळे, कमरेला करगोटा. आपल्या लाडाची एकूण एक रीत या बाळाला सोलून काढणारी आहे.

फोडाबद्दलचं आजीचं शास्त्रही इथं उलटं होतं. फोड फोडू नये, आपोआप बसू द्यावा, हे आपण ऐकत आलो. ईबीत मात्र पदर आधीच सुटे असतात, त्यामुळे आतलं पाणी स्वतःच्या दाबानं वाट काढत जातं आणि सकाळी हरभऱ्याएवढा असलेला फोड संध्याकाळी लिंबाएवढा होतो. म्हणून तो निर्जंतुक सुईनं टोचायचा, पाणी काढायचं आणि वरची साल मात्र तशीच राहू द्यायची. त्या सालीसारखी पट्टी दुकानात मिळत नाही. स्वतःच्या बाळाला सुई टोचायला शिकणं, हा ईबीच्या आईचा पहिला धडा.

साठच्या दशकात इंग्लंडमध्ये फिलिस हिल्टन यांना हा धडा द्यायलाही कुणी नव्हतं. मुलीला डिस्ट्रॉफिक ईबी. डॉक्टरांनी हात टेकले होते, फारसं करण्यासारखं काही नाही, घरी न्या. फिलिस यांनी घरी नेलं आणि कुठलं कापड चिकटतं, कुठलं नाही, कुठं कापूस भरला म्हणजे कोपर वाचतो, हे एकेक करून स्वतःच शोधलं. १९७८ मध्ये त्यांनी अशाच इतर कुटुंबांना जोडून संस्था काढली. आजाराच्या लांबलचक इंग्रजी नावापुढे 'संशोधन संघटना' हे शब्द जोडले आणि आद्याक्षरं घेतली की 'डेब्रा' असं होतं. त्यांच्या लेकीचं नाव डेब्राच होतं. ईबीच्या रुग्णांसाठी जगात निघालेली ही पहिली संस्था. आज पन्नासहून अधिक देशांत या नावाच्या संस्था आहेत. डेब्रा इंडियाही त्यांतलीच. ब्रिटनमधल्या मूळ संस्थेच्या अंदाजाप्रमाणे तिथं पाच हजारांवर आणि जगभरात पाच लाख लोकांना ईबी आहे.

या संस्थेबद्दल वाचायला लागले तेव्हा माझी समजूत साधी होती, की पैसे गोळा करायचे, संशोधनाला द्यायचे, औषध निघेल. ते काम ती करतेच. पण मला जास्त अवघड वाटलं ते दुसरंच काम, जपणाऱ्या हाताची पकड सैल करण्याचं.

तीव्र ईबीत ड्रेसिंग बदलायला दोन-तीन तास लागतात, रोज किंवा दिवसाआड. आधी वेदनाशामक द्यायचं आणि ते लागू होईपर्यंत थांबायचं. जुन्या पट्ट्या कोमट पाण्यात भिजवून सोडवायच्या. नवे फोड शोधायचे, टोचायचे. न चिकटणाऱ्या सिलिकॉनच्या जाळ्या आधीच मापानं कापून ठेवायच्या, कारण उघडी जखम वाऱ्यानंही झोंबते. एक हात झाला की दुसरा, मग पाय, पाठ. बहुतेक घरांत हे आई करते. तिची नोकरी सुटते, पाठ धरते. मूल पाच वर्षांचं असताना हे सगळं ठीक वाटतं. मुलगी पंधराची होते, तरी आंघोळीपासून अंतर्वस्त्रापर्यंत आईचाच हात. मुलीला लाज वाटते, पण आईला नको म्हणणार कसं? आणि आईला दुसऱ्या कुणाच्या हाताचा भरवसा नाही, मुलीच्या स्वतःच्या तर मुळीच नाही. त्या मुलीचे हात तरी कसे? डिस्ट्रॉफिकमध्ये जखमा भरताना बोटं एकमेकांना चिकटत जातात आणि शेवटी पंजा मुठीसारखा आतल्या आत बंद होतो. शस्त्रक्रियेनं बोटं सोडवता येतात, काही वर्षांत ती पुन्हा जुळतात.

२००४ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरवर दाखवलेला, ईबी असलेल्या जॉनी केनेडीवरचा माहितीपट अनेकांनी पाहिला असेल. जॉनी छत्तीस वर्षांचा होता. शरीर कधी वयातच आलं नव्हतं, त्यामुळे चण आणि आवाज पोराचा. तीव्र डिस्ट्रॉफिक ईबीत वारंवार सोलवटणाऱ्या कातडीतून कर्करोग उद्भवतो, आणि हे रुग्ण बरेचदा त्यानंच दगावतात. जॉनीचंही तेच झालं. माहितीपट दाखवला गेला तेव्हा तो जिवंत नव्हता, तरी निवेदन त्याच्याच आवाजात आहे. त्या शेवटच्या महिन्यांत तो डेब्रासाठी पैसे गोळा करत हिंडत होता आणि स्वतःची शवपेटीही स्वतःच निवडत होता. ड्रेसिंगचं दृश्य बघताना मी दोनदा थांबले. शवपेटीच्या दृश्याला मात्र हसू आलं. दुसऱ्यांनी पट्ट्या बांधलेल्या या माणसानं आपला निरोपसमारंभ कुणाला ठरवू दिला नाही.

डेब्राचं रोजचं काम याच चिवटपणाला हाताशी धरतं, आणि ते अगदी किरकोळ वस्तूंमधून चालतं. कपडे उलटे घालायचे म्हणजे शिवण अंगाला टोचत नाही. फिरवायच्या नळाऐवजी कोपरानं ढकलता येणारा दांडीचा नळ. लहान डोक्याचा मऊ ब्रश, कारण तोंडातही फोड असतात. बोलून टाइप करणारा संगणक. विजेवर चालणारी खुर्ची, म्हणजे शाळेच्या आवारात मित्राबरोबर जाताना मागे आई नको. संस्थेचे कार्यकर्ते घरी जातात, शाळेला समजावतात, घरात बदल करायला अनुदान मिळवून देतात, छोट्या वस्तूंना स्वतः पैसे देतात. इंग्लंडमधल्या ईबी केंद्रांतल्या खास परिचारिकांच्या कामालाही संस्थेचा हातभार लागतो. कुटुंबांना चार दिवस सुटीवर जाता यावं म्हणून संस्थेची घरंही आहेत. हे वाचून मी आधी मनात नाक मुरडलं, सुटी कसली! मग आठवलं, की हॉटेलच्या पांढऱ्या चादरीवर रक्ताचा डाग पडेल या भीतीनं घराबाहेर न निघणाऱ्या माणसाला असं घर किती मोठं असेल.

कागदपत्रांचं काम मात्र सर्वांत किचकट. ब्रिटनमध्ये २०१३ पासून अपंग प्रौढांना 'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट' नावाचं सरकारी साहाय्य मिळतं. त्यात बारा कामांबद्दल विचारतात: स्वयंपाक, आंघोळ, कपडे, औषधोपचार, चालणं वगैरे. ईबीचा माणूस प्रामाणिकपणे लिहितो, "हो, कांदा चिरता येतो." येतोच. पण त्यानंतर दोन दिवस सुरी धरता येत नाही. नियमात एक मोलाची ओळ आहे: काम सुरक्षितपणे, नीट, पुन्हापुन्हा आणि वाजवी वेळात करता आलं तरच ते 'येतं' असं धरायचं. ही ओळ कुठं आणि कशी वापरायची, हे अर्जदाराच्या शेजारी बसून दाखवणारं माणूस लागतं. डेब्राची माणसं ते करतात.

पैसा येतो तो बराचसा जुनं सामान विकून. ब्रिटनच्या बाजारपेठांत डेब्राची दुकानं आहेत, लोकांनी दिलेले सोफे, कपाटं, कोट तिथं विकतात. संस्थेचे अध्यक्ष सायमन वेस्टन, १९८२ च्या फॉकलंड युद्धात जहाजावर गंभीर भाजलेले सैनिक. कातडी जाणं म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागत नाही. उपाध्यक्ष ग्रेअम सूनेस, लिव्हरपूल आणि स्कॉटलंडचे जुने फुटबॉल कर्णधार. ईबी असलेल्या एका किशोरवयीन मुलीशी मैत्री झाल्यावर सत्तराव्या वर्षी, जून २०२३ मध्ये, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर आळीपाळीनं इंग्लिश खाडी पोहून पार केली. बारा तासांहून जास्त वेळ लागला आणि दहा लाख पौंडांवर निधी जमला.

औषधांच्या आघाडीवर गेल्या दहा वर्षांत जे झालं ते मागच्या शंभरांत झालं नव्हतं. २०१५ मध्ये जर्मनीत बोखुम इथं सात वर्षांचा एक सीरियन निर्वासित मुलगा ईबीमुळे मरणाच्या दारात होता. इटलीतल्या मोदेना इथं मिकेले दे लुका यांच्या प्रयोगशाळेनं त्याच्या कातडीचा छोटा तुकडा घेतला, त्यातलं जनुक दुरुस्त केलं, त्यातून कातडीचे मोठे तुकडे वाढवले, आणि बोखुमच्या शल्यविशारदांनी शरीराच्या सुमारे ऐंशी टक्के भागावर नवी कातडी बसवली. पोरगा शाळेत गेला, फुटबॉल खेळू लागला. मे २०२३ मध्ये अमेरिकेनं डिस्ट्रॉफिक ईबीसाठी जखमेवर थेंबाथेंबानं सोडायच्या एका जेलला मान्यता दिली. त्यात नागीण उठवणाऱ्या विषाणूंच्या कुळातला एक निरुपद्रवी केलेला विषाणू कोलॅजन सातचं जनुक पेशीत पोचवतो. हे जेल बनवणारी कंपनी कृष्णन या भारतीय वंशाच्या दांपत्यानं काढलेली. बाजारात आलं तेव्हा एका कुपीची किंमत २४,२५० डॉलर होती, वर्षाचा खर्च आपल्या पैशात पाच कोटींच्या घरात.

आपल्या दुर्मीळ आजार धोरणात एका रुग्णामागे जास्तीत जास्त पन्नास लाखांची तरतूद आहे, आणि मुंबईचं केईएम हे त्यातलं एक उत्कृष्टता केंद्र. म्हणून मला डेब्राचा दुसरा उद्योग जास्त जवळचा वाटतो: इतर आजारांवर आधीच वापरात असलेल्या गोळ्या ईबीला चालतात का, हे तपासणं. सोरायसिसवर दिलं जाणारं ॲप्रेमिलास्ट त्यांतलंच एक. ते आपल्या गावातल्या औषधाच्या दुकानातही मिळतं. ते खरोखर उपयोगी ठरलं तर अमरावतीतल्या एखाद्या ईबीच्या आईलाही परवडेल.

त्या आईपुढे आजही रांगा वेगळ्याच आहेत. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. कुष्ठमुक्त व्यक्ती आहेत, ॲसिडहल्ला झालेल्या आहेत, ईबी नावानं नाही. बोटं जुळून हात निकामी झाला तर अस्थिव्यंगाच्या टक्केवारीत बसवून घ्यायचं. म्हणजे हात जाईपर्यंत थांबा. 'आधार' काढायला गेलं की यंत्रावर बोट टेकवायला सांगतात, आणि बोटांवर ठसाच नसतो. बुबुळावरून नोंदणी करण्याची सोय नियमात आहे. खिडकीतल्या माणसाला ती ठाऊक असेलच असं नाही, तेव्हा नियमाचा छापील कागद बरोबर ठेवावा. सिलिकॉनच्या जाळ्या महाग पडतात, म्हणून घरोघरी जुन्या सुती धोतराच्या पट्ट्या, व्हॅसलिन आणि केळीचं पान. केळीच्या पानाला हसू नका. भाजलेल्यांच्या जखमांवर ते न चिकटणारं ड्रेसिंग म्हणून वापरण्याचे प्रयोग मुंबईच्या डॉक्टरांनी केलेत.

ईबीच्या परिचारिका पालकांना एक पद्धत शिकवतात. मूल तीन-चार वर्षांचं झालं की त्याला विचारायचं, आज आधी कुठली पट्टी काढूया, हाताची की पायाची? थोडं मोठं झालं की पट्टीचं सुटं टोक त्याच्याच हातात द्यायचं. त्याला वेळ लागतो, पाणी गार होतं, पुन्हा तापवावं लागतं. मग एके दिवशी सुई. मूल फोडाच्या कडेला ती टेकवतं, थांबतं, आईकडे बघतं. आईनं तेवढा वेळ आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचं असतं.